रथ नाही, पण देणं आहे

ठाण्यात माजिवड्याला गोल्डन डाईज नाका आहे. तिथं कधीकाळी रंगांची कंपनी होती, हे आज त्या नाक्यावर उतरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं; तरी रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर तिथंच सोडतो. कापूरबावडीवरून कोलशेतच्या बाजूला वळलं की सँडोज बाग लागते. त्याच कोलशेतला बायरचा मोठा कारखाना होता. घोडबंदर रोडच्या या टापूत एका पिढीने रसायनं, औषधं आणि यंत्रं बनवली. खंडेनवमीला आणि दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू लावलं, झेंडूची तोरणं बांधली. पुढच्या पिढीने त्याच जमिनींवर पंचवीस-तीस मजले चढताना पाहिले. आता दसऱ्याला झेंडूची माळ पार्किंगमधल्या मोटारीच्या बॉनेटवर चढते.

या बदलाविषयी कुणी हळहळ बोलून दाखवली की समोरचा माणूस समजूत घालतो. काळाचा महिमा आहे, म्हणतो. काहीच कायम नसतं, कंपन्या येतात आणि जातात. हे बोलणं खोटं नाही. अनित्यता हा भारतीय विचाराचा फार जुना आणि फार खोल धागा आहे. पण कारखाना बंद पडल्यावर हे वाक्य कोण कुणाला ऐकवतो, याकडे पाहिलं की प्रश्न उभा राहतो. काहीच टिकत नसेल, तर देणं टिकतं का? ज्याने घेतलं तो उरलाच नाही, तर ते कुणी फेडायचं?

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याची परीक्षा घ्यायला मोटार कंपनीसारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही. अशी एक कंपनी घोडबंदर रोडपासून काही मैलांवर, कल्याण-शीळ रस्त्यालगत डोंबिवलीत होऊन गेली. तिचं नाव पाल-प्यूजो.

'पाल' म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ती स्थापन केली. त्याआधी, १९३०च्या दशकात, अभियंते विश्वेश्वरय्यांनी देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. ब्रिटिश सरकारने तिला थारा दिला नाही. वालचंद हटले नाहीत. त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. १९५४ पासून फियाट ११०० आली आणि तिच्याच वंशात प्रीमियर पद्मिनी जन्मली. ती मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली.

कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीत होता. उदारीकरणानंतर परदेशी मोटार कंपन्या भारतात भागीदार शोधू लागल्या, तेव्हा फ्रान्सच्या प्यूजोने प्रीमियरचा हात धरला. १९९४ मध्ये डोंबिवलीतून प्यूजो ३०९ बाहेर येऊ लागली. पद्मिनी आणि अँबेसिडरवर वाढलेल्या गिऱ्हाइकांना ती वेगळ्या जगातली वाटली. डिझेलवर मैलोनमैल धावणारी, रस्ता घट्ट धरून ठेवणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं. पण घरात कटकटी होत्या. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला वाद चिघळला. त्यातच प्रीमियरने फियाटशीही नवा घरोबा केल्याने प्यूजो नाराज होती. १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. ज्या कंपनीच्या नोकरीवर डोंबिवली-कल्याणमधल्या घरांचे हप्ते ठरले होते, तिचं आयुष्य चार वर्षांचंही भरलं नाही. कारखान्याच्या परिसराला लोक आजही प्रीमियर कॉलनी म्हणतात.

इथं थोडं मागे जायला हवं, कारण ३०९चं कूळ मोठं विलक्षण आहे. नावाने ती फ्रेंच, पण तिची आखणी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत झाली आणि १९८५ पासून ती तिथल्याच रायटनच्या कारखान्यात बनू लागली. मुळात ती टॅलबॉट अ‍ॅरिझोना या नावाने विकायची होती. ऐनवेळी नाव बदललं. रायटनचा कारखाना रूट्स बंधूंचा. रूट्स समूहाने हिलमन, हंबर, सनबीम अशा जुन्या कंपन्या एकेक करून पोटात घेतल्या होत्या. १९५५-५६ मध्ये त्यांनी सिंगर घेतली. आणि सिंगरने त्याच्या तीस वर्षं आधी, १९२६ मध्ये, कॉव्हेंट्रीतलीच एक छोटी कंपनी विकत घेतली होती: कॅल्कॉट ब्रदर्स.

कॅल्कॉटचं नाव आज मोटारींचे कट्टर शौकीन सोडले तर कुणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सायकली बनवायची, मग मोटारसायकली, आणि १९१३ पासून लहान, नेटक्या मोटारी. कॉव्हेंट्रीत त्या काळी ही वाट अनेकांनी चालली. सायकलच्या कारखान्यात नळ्या वाकवणारे, चाकांचे आरे ताणणारे हात मोटारीच्या कामाला सहज लागत. पहिल्या महायुद्धानंतर मॉरिस आणि ऑस्टिन यांनी किमती खाली आणल्या आणि हातावर मोजण्याइतक्या गाड्या काळजीने बनवणाऱ्यांचा टिकाव लागेना. कॅल्कॉटची मोटार तेरा वर्षं चालली आणि थांबली.

पण थांबलं म्हणजे काय झालं? कॅल्कॉट सिंगरमध्ये गेली, सिंगर रूट्समध्ये, रूट्स १९६७ मध्ये क्रायस्लरच्या ताब्यात, क्रायस्लरचा युरोपातला पसारा १९७८ मध्ये प्यूजोकडे, आणि प्यूजोची कॉव्हेंट्रीत घडलेली गाडी १९९४ मध्ये डोंबिवलीत. वाटेत एक फाटा भांडुपलाही येतो. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी रूट्सनेच १९४९ मध्ये उभी केली. तिथं आधी हिलमनच्या गाड्या जोडल्या गेल्या आणि पुढे लँब्रेटा स्कूटर बनली. क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो हे प्रीमियरचे तीन परदेशी जोडीदार. तिघेही जानेवारी २०२१ मध्ये स्टेलांटिस नावाच्या एकाच समूहात विलीन झाले. त्याच वर्षी प्रीमियर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

मग यातली कोणती कंपनी मेली आणि कोणती जगली, हे कसं ठरवायचं?

हा प्रश्न मोटारीच्या फार आधी रथाविषयी विचारला गेला आहे. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात सागल नगरीचा यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव दिलं, त्यामुळे ही जोडी मराठी मनाला परकी नाही. नागसेन राजाला सांगतो की 'नागसेन' हे फक्त नाव आहे, त्यामागे कुणी कायमचा माणूस नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन विचारतो, महाराज, आपण इथं कसे आलात? रथातून. रथ म्हणजे आस का? नाही. चाकं? नाही. जू? दांडी? लगाम? नाही. मग हे सगळं सोडून आणखी कुठं रथ आहे का? तेही नाही. तेव्हा राजालाच कबूल करावं लागतं की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे आपण 'रथ' असं म्हणतो.

पाल-प्यूजोला हाच प्रश्न लावून पाहावा. डोंबिवलीची शेड म्हणजे कंपनी का? साचे आणि प्रेस? फ्रान्सहून आलेले नकाशे? पहिल्या पाळीला येणारे कामगार? भागपत्रं? प्रत्येकाला नाही म्हणावं लागतं. नागसेनाच्या हिशेबाने कंपनी नावाची वस्तू कधी नव्हतीच. होता तो भागांचा मेळ. मेळ सुटला, नाव गळालं.

भारतीय परंपरेचं मोठेपण असं की हे उत्तर एकट्याने मैदान मारून गेलं नाही. न्याय दर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, अवयवांहून वेगळा 'अवयवी' खरोखर असतो. तो अवयवांत राहतो, पण त्यांची नुसती बेरीज नसतो. न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेली एक खूण अगदी गॅरेजमधली वाटावी अशी आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते. बंद पडलेली गाडी पुढच्या हुकाला दोर बांधून ओढताना चार चाकं, इंजिन आणि डिकी असे स्वतंत्रपणे ओढावे लागत नाहीत. म्हणजे तिथं भागांपलीकडे काहीतरी एक आहे.

आणि वालचंद ज्या सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले होते, त्या परंपरेने या दोघांच्या मधली वाट धरलेली आहे. तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे काय हे सांगताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकत्र घेतली आहेत. निर्माण होणं, नाश पावणं आणि टिकणं एकाच वस्तूत एकाच वेळी चालतं. आचार्य समंतभद्रांनी त्याचा दिलेला दाखला विसरता येत नाही. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोनं हवं असणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. तिघांच्या तिन्ही भावना खऱ्या आहेत, कारण वस्तूच तशी आहे.

घोडबंदर रोडवर हे तिघंही भेटतात. कारखाना मोडल्याचं दुःख ज्याला आहे तो कामगार. टॉवर उभा राहिल्याचा आनंद ज्याला आहे तो पहिल्यांदा स्वतःचं घर घेणारा नोकरदार. आणि जमीन ज्याच्या नावावर आहे, त्याच्या दृष्टीने सोनं सोनंच राहिलं. उलट शेडच्या काळात होतं त्याहून ते कितीतरी महागलं. समंतभद्रांच्या दाखल्यात सोनं हवं असणारा तटस्थ असतो. इथं मात्र त्याच्या तटस्थपणाची किंमत बाकीच्या दोघांपैकी एक जण मोजत असतो, आणि नुसत्या वस्तुविचाराने सुटत नाही असा गुंता इथूनच सुरू होतो.

नैयायिक आणि मीमांसक बौद्धांना एक बोचरा प्रश्न विचारत. कायमचा कर्ता नसेल तर दोन दोष ओढवतात. पहिला कृतनाश: ज्याने केलं त्याला फळ मिळायच्या आत तोच नाहीसा होतो, म्हणून केलेलं वाया जातं. दुसरा अकृताभ्यागम: ज्याने केलंच नाही त्याच्या पदरात फळ पडतं. शास्त्रार्थातल्या या शब्दांचा अर्थ बंद कारखान्याच्या गेटवर लख्ख कळतो. वीस वर्षं कापलेला भविष्यनिर्वाह निधी आणि साठलेली ग्रॅच्युइटी अडकून पडते, तो कृतनाश. कुणाच्या तरी घामाने आणि सरकारने उद्योगासाठी स्वस्तात मिळवून दिलेल्या सवलतींनी किमतीला चढलेली जमीन तिसऱ्याच्याच हाती जाते, तो अकृताभ्यागम.

अनित्यता मानणाऱ्याकडे याला उत्तर नाही असं समजायचं कारण नाही. उत्तर आहे, आणि ते खुद्द नागसेनानेच दिलं आहे. रथाची गोष्ट सगळे सांगतात. आंब्याची गोष्ट फार कमी लोक सांगतात. राजा विचारतो, पुढे जन्मणारा तोच नसेल तर तो मागच्या कर्मातून सुटला की नाही? नागसेन म्हणतो, समजा एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, महाराज, याने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे. मी याचं काही घेतलेलं नाही. त्याला शिक्षा व्हावी का? राजा म्हणतो, अर्थातच व्हावी, कारण हे आंबे त्या आंब्यापासूनच आले. नागसेन पुढे शेकोटीची गोष्ट सांगतो. थंडीत पेटवलेला जाळ न विझवता एक जण निघून जातो आणि त्या आगीत दुसऱ्याचं शेत जळतं. मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळणारी वेगळी, हा बचाव तिथंही चालत नाही.

नागसेनाने रथ नाहीसा केला, पण कर्ज नाहीसं केलं नाही. त्याच्या विचारात 'तोच' हा शब्द पडतो आणि 'त्यापासून' हा शब्द उभा राहतो; जबाबदारी वस्तूच्या एकपणावर टेकत नाही, तर एकातून दुसरं उपजत गेलेल्या साखळीवर टेकते. कॅल्कॉटपासून डोंबिवलीपर्यंतची साखळी नुसती मनोरंजक का नाही, ते इथं कळतं. मालमत्ता, कौशल्य, नकाशे आणि पेटंटं हातोहात पुढे जातात, तेव्हा वारसा मोजताना साखळी अखंड धरली जाते. देणं निघालं की तीच माणसं म्हणतात, ती कंपनी वेगळी होती. आंबाचोराचा बचाव याहून निराळा नाही.

घोडबंदर रोडच्या एका बाजूला येऊरचा डोंगर आहे. त्याच रांगेत, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, हजारएक वर्षांचा वावर. नागसेनाचा विचार मानणारे भिक्खू इथं राहिले. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत आणि त्यांतली कितीतरी कल्याणची: व्यापारी, सोनार. एक कल्याणचा लोहार आहे, नंद त्याचं नाव. त्याने वाट बांधून दिल्याची नोंद आहे. कल्याणच्या परिसरात लोखंडाचं काम करणाऱ्याचं नाव जपणारा हा लेख पाल-प्यूजोहून सुमारे १८०० वर्षं जुना आहे.

या लेण्यांत 'अक्षयनीवी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारी ठेव. दात्याने रक्कम किंवा शेत द्यायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही. उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराचा, पादत्राणांचा खर्च भागवायचा. या व्यवहाराचा सर्वांत तपशीलवार हिशेब नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिथं कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवली. २००० कार्षापण महिना एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचं व्याज वर्षाला २४० होतं. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. बारा विसे दोनशे चाळीस. हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही स्पष्ट लिहिलं आहे. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून नोंदवला गेला.

नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्या श्रेणींत तेली आहेत, कुंभार आहेत आणि ओदयंत्रिक आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. यंत्र बनवणाऱ्यांच्या संस्थेने परक्या आजारी माणसाच्या औषधाची हमी कायमची घेतली, आणि ती दगडावर कोरली गेली. आपल्या भूमीतल्या यंत्रकारांच्या इतिहासात हे पान अग्रभागी असायला हवं.

आता याची संगती लावून पाहावी. जगातली कोणतीही वस्तू दोन क्षण तीच राहत नाही असं मानणाऱ्यांनी आपल्या ठेवींना 'अक्षय' म्हटलं. काही जणांना यात विसंगती दिसेल. विसंगती नाही. माणसं जातील, श्रेणीतले विणकर बदलतील, राजवटी उलटतील, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच देणं व्यक्तीवर न ठेवता संस्थेवर ठेवलं, संस्थेवर न सोडता सभेत नोंदवलं आणि नोंदीवर न भागवता कातळात कोरलं. अनित्यता त्यांना नीट कळली होती, म्हणून ते देण्याची व्यवस्था इतकी पक्की करू शकले. ज्याला ती कळली नाही, तोच म्हणतो की सगळं जाणारं आहे, तेव्हा कशाला चिंता.

आधुनिक कायद्यानेही हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सॅलोमन खटल्यात ठरलं की कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाच्या खटल्यात हिंदू देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं आणि सेवकांना दानाच्या मालमत्तेचे विश्वस्त ठरवलं. दोन्ही व्यक्ती हाडामांसाच्या नाहीत. दोघांच्या नावाने जमीन असते, दोघांच्या नावाने खटला चालतो. फरक पडतो तो पुढे. देवतेच्या मालमत्तेला हात लावणाऱ्या सेवकाला न्यायालय विचारतं, ही तुझी नव्हे, तू राखणदार, हिशेब दे. कंपनीच्या बाबतीत तोच पडदा उलट बाजूने वापरला जातो: कंपनीने बुडवलं, आम्ही वेगळे. नैयायिकांचा अवयवी देवळात राखणदारीला उपयोगी पडला आणि बाजारात आडोशाला. तत्त्व एकच, पण त्याला विश्वस्तपणाची जोड आहे की नाही यावर त्याचं पुण्य किंवा पाप ठरतं. गांधीजींनी मालकांकडून विश्वस्तवृत्तीची अपेक्षा केली ती याच जागी बोट ठेवून. त्यांच्यावर त्यासाठी भाबडेपणाचा शिक्का बसला. पण मालमत्तेचा मालक आणि मालमत्तेचा राखणदार यांतला फरक आपल्या देवस्थानांच्या कायद्याने केव्हाच मान्य केलेला आहे, हे लक्षात घेतलं तर त्यांची मागणी भाबडी वाटत नाही.

कायद्याने काही दरवाजे उघडले, हेही सांगायला हवं. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन बुडीत कंपनीच्या मालमत्तेवर कामगारांचा हक्क बँकांच्या बरोबरीला आला. त्याआधी बँका पुढे आणि कामगार मागे अशी रांग होती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही ती बरोबरी राहिली, पण परिसमापन सुरू होण्याच्या आधीच्या २४ महिन्यांच्या थकबाकीपुरती. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या वाटपाच्या बाहेर राखून ठेवल्या आहेत, तो मोठा आधार आहे. तरीही ज्या कारखान्याला कुलूप लागून पाच-सात वर्षं होतात आणि नंतर कुठे परिसमापन सुरू होतं, तिथं ते २४ महिने बहुतेकदा रिकाम्या शेडचे असतात.

प्यूजोच्याच घराण्याशी जोडलेला आणखी एक व्यवहार या प्रश्नाला टोक आणतो. अँबेसिडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. ती गाडीही मुळात इंग्रज, मॉरिस ऑक्सफर्ड. २०१७ मध्ये 'अँबेसिडर' हे नाव प्यूजोच्या समूहाने ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. कारखाना, यंत्रं, माणसं यांतलं काही नाही, फक्त नाव. नागसेनाने जे निव्वळ नाव म्हणून बाजूला ठेवलं, त्याला बाजारात ८० कोटी पडले. म्हणजे भाग विखुरल्यावरही काहीतरी उरतं हे बाजार मानतो, त्याची किंमत रोख मोजतो. अँबेसिडरच्या नावात साठलेला विश्वास जाहिरातीने तयार झालेला नव्हता. जवळजवळ साठ वर्षं उत्तरपाड्याच्या कामगारांनी घट्ट आवळलेल्या बोल्टांनी आणि गावोगावच्या मिस्त्रींनी चालत्या ठेवलेल्या इंजिनांनी तो कमावला होता. नाव 'त्यापासून' आलं असेल, तर नावाच्या किमतीवरचा त्यांचा हक्कही 'त्यापासून'च येतो. नागसेनाच्या तर्कात याला पळवाट नाही.

घोडबंदर रोडवर घर घेणाऱ्याचं काय? तो आंबाचोर नाही. त्याने पै पै मोजून, कर्ज काढून विकत घेतलेलं असतं, आणि ते घेताना त्याला कुणाचं काही हिरावल्याची कल्पनाही नसते. त्याला अपराधी ठरवणं अन्यायाचं होईल. पण तो साखळीतला शेवटचा दुवा आहे, एवढं खरं. महाराष्ट्रात औद्योगिक जमिनीचा वापर निवासी करायचा तर तिथल्या कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांच्या ना-हरकत प्रमाणपत्राची अट असते. उषवदाताने निगमसभेत केलेल्या नोंदीचा हा आजचा, बराच अशक्त वारस. त्याचं बळ वाढवणं फार अवघड नाही. जुन्या कंपनीच्या जागेवरच्या प्रकल्पात फ्लॅट पाहायला जाणारं कुटुंब सात-बारा मागतं, टायटल सर्च मागतं, आराखड्याची मंजुरी पाहतं, पार्किंग किती मिळेल ते दोनदा विचारतं. त्याच बैठकीत त्यांनी कामगार आयुक्तांचं हे प्रमाणपत्रही मागावं, त्यावरची तारीख पाहावी, कंपनीचं नाव वाचावं आणि तिचे कामगार आता कुठे आहेत हे विक्री कार्यालयातल्या माणसाला विचारावं.